कानाने पाहिलेलं माकड

जंगलाच्या फाटकाला लागून दोन खोल्यांचं एक बैठं घर होतं आणि त्या घरात राहणाऱ्या राखणदाराची नजर तिरकी होती. डोळे तिरळे नव्हते. चांगले नाकाच्या दोन बाजूंना जिथल्या तिथे होते. पण समोर कोणी येऊन उभं राहिलं की राखणदार मान जराशी डावीकडे वळवायचा आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या माणसाला न्याहाळत राहायचा. सरपण नेणारा त्या नजरेखाली आला की न विचारताच मोळी खाली टाकून म्हणायचा, "बघा बाबा, सोडून बघा, वाळलेलीच लाकडं आहेत." मध काढणारा आपल्या पिशव्या उलट्या करून दाखवायचा. "ह्या माणसाचा स्वतःच्या सावलीवरसुद्धा विश्वास नाही," असं त्याच्याबद्दल बोललं जायचं. ते त्याच्याही कानावर येई. संशयी म्हणवून घेणं त्याला परवडत होतं. खरं कारण कळलेलं परवडणार नव्हतं.

खरं कारण असं होतं की त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग पडला होता. ओल्या चित्रावर कोणी अंगठा दाबावा, तसा. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जाई आणि ज्याच्याकडे बघू नये ते कडेकडेने स्वच्छ दिसत राही. पायवाट दिसायची, फाटक दिसायचं, झाडांचे बुंधे दिसायचे. माणसाचा चेहरा दिसायचा नाही, फांदीवरचा पक्षी तर नाहीच. म्हणून तो तिरका बघायचा. दात दुखतोय असं बायकोला सांगून तो शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आला होता. डॉक्टर म्हणाले होते, "कडा राहतील. मधलं गेलंय ते परत यायचं नाही." घरी आल्यावर बायकोने विचारलं, "कुठला दात?" तो म्हणाला, "डावा." चार घास झाल्यावर ती म्हणाली, "दुखरा दात बरा चालतोय की तुमचा."

राखणदाराने पाहायचं असतं, हा त्या नोकरीचा पहिला नियम. डोळे गेले की चौकी गेली, चौकी गेली की या दोन खोल्या गेल्या. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. चार वर्षं कशीतरी रेटायची आणि मग बाहेर पडायचं, असा त्याचा हिशेब होता.

रेटण्यासाठी त्याच्याकडे कान होते. आणि कान असे की त्यांचा त्याला गर्व होता. सव्वीस वर्षं त्याने हे जंगल पायाखाली घातलं होतं. कोरड्या पानांवरून मुंगूस गेलं की साप गेला, हे तो पाठमोरा सांगायचा. कचेरीची जीप वळणावर असताना तो ओळखायचा की आत साहेब आहेत की नुसता ड्रायव्हर. साहेब असले की गियर हळू पडतो, म्हणायचा. जुन्या साहेबांनी एकदा थट्टेने त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधून त्याला जंगलात फिरवलं होतं आणि याने एकोणीस पक्षी सांगितले होते. तेव्हा डोळे शाबूत होते म्हणून ती थट्टा होती.

राखणदाराकडे एक वही असे. रोज सकाळी फिरून आल्यावर तीत लिहायचं: वेळ, जागा, काय आढळलं, आणि शेवटच्या बारीक रकान्यात एकच अक्षर. स्वतः पाहिलं असेल तर 'पा'. नुसतं ऐकलं असेल तर 'ऐ'. डोळे गेल्यावर पहिले काही महिने त्याने इमानाने 'ऐ' लिहिलं. पानंच्या पानं 'ऐ'. मग नवे साहेब आले. तरुण, शहरातले, कपाटाला दोन कुलपं लावणारे आणि प्रत्येक पानावर सही करून वर तारीख टाकणारे. त्यांनी वही परत पाठवली.

"राखणदार, हे काय? सगळं ऐकीव? ऐकीव गोष्टींवर कचेरी चालत नाही. पाहिलं असेल ते लिहा."

"साहेब, ऐकलं म्हणजे पाहिल्यासारखंच आहे हो."

"मग तुम्हाला दिसत का नाही? पूर्वीच्या वह्यांत तर सगळं 'पा' आहे." साहेबांनी मान वर केली. ती वर केलेली मान राखणदाराला दिसली नाही, पण खुर्ची कुरकुरली ती ऐकू आली.

"दिसतं की," तो म्हणाला. "दिसायला काय झालंय?"

त्या दिवसापासून तो 'पा' लिहू लागला. जुनी माणसं सांगायची की खरं आणि खोटं यांत चार बोटांचं अंतर असतं. कान आणि डोळा यांच्यात असतं तेवढंच. राखणदाराने चार बोटांचं ते अंतर पुसून टाकलं. कानाने पाहिलं, एवढंच, असं तो मनाशी म्हणायचा. कोणाचं काही बिघडत नव्हतं. दीड वर्ष तरी बिघडलं नाही.

कचेरीच्या भिंतीवर एक फळा होता आणि फळ्यावर दोन चित्रं. डावीकडे काळतोंडं माकड, उजवीकडे रानशीळ. माकड त्या जंगलात पूर्वापार होतं. लांब शेपटीचं, राखाडी अंगाचं, जाईल तिथे कळपाने जाणारं. त्याच्या चित्राखाली काहीच लिहिलं नव्हतं. रानशीळ म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी, मातीच्या रंगाचा, गळ्यावर विटकरी ठिपका. तिच्या चित्राखाली लाल अक्षरात लिहिलं होतं: 'संख्या चिंताजनक. जोड्या अकरा.' बाहेरची माणसं येत ती उजव्या चित्रापुढे उभी राहत, हळहळत, आणि जाताना आवारातल्या डबे उचलणाऱ्या माकडांना खडे मारत.

राखणदाराने दोघांची तुलना कधीच मनात करून ठेवली होती. त्याचं म्हणणं असं, की माकडाच्या गळ्यात मोजके शब्द असतात. आलं, पळा, दे, नको. त्यापलीकडे ते बोलत नाही, पण बोलतं ते कामाचं. चोर असेल, लबाड असेल, पण 'पळा' म्हणालं की समजावं, खरंच काहीतरी आलंय. आणि रानशीळ? तिच्या गळ्यात शंभर चाली. पण सांगायचं काहीच नाही. ती नुसती गाते. झऱ्याला कोणी विचारतं का, तू काय सांगतोस म्हणून? माकडावर नजर ठेवावी आणि रानशीळ ऐकत बसावं, हा त्याचा नियम होता. गाणाऱ्यावर कोण संशय घेतो?

त्या वर्षी रानशिळेच्या अकरा घरट्यांतली सात रिकामी निघाली. अंडी होती, आणि एका सकाळी नव्हती. टरफलही नाही. साहेबांनी वह्या मागवल्या आणि तीन दिवस पानं चाळली. चौथ्या दिवशी त्यांनी राखणदाराला समोर बसवलं.

"पहिलं घरटं, ओढ्याकाठचं. दोनच दिवस आधी तुमची नोंद: 'घरट्याजवळ माकड, पा.' दुसरं घरटं: 'माकड, पा.' तिसरं, चौथं, सातही. प्रत्येक घरट्यापाशी तुम्ही माकड पाहिलंय. बरोबर?"

प्रत्येक घरट्याजवळ गेलं की अगदी डोक्यावरून 'खक्-खाक्' असा माकडाचा इशारा यायचा, हे खरं होतं. माकडाचा तो इशारा तो लहानपणापासून ओळखत होता.

"बरोबर," तो म्हणाला.

"मग आणखी काय पुरावा हवा? भरपूर असलेल्यांनी मोजक्या उरलेल्यांना खायचं, आणि आपण फळे रंगवायचे?" साहेबांचा हात टेबलावर पडला. "सगळा कळप धरायचा. नदीपलीकडच्या डोंगरात नेऊन सोडायचा. हुकूम निघेल. तुमच्या वहीवर निघेल."

तिकडचा डोंगर उघडाबोडका होता, आणि तिथे दुसरा कळप होता. परका कळप आत आला की काय होतं, हे राखणदाराने सव्वीस वर्षांत दोनदा ऐकलं होतं. तिसऱ्यांदा ऐकायची त्याची इच्छा नव्हती. पण वही त्याची होती, अक्षर त्याचं होतं, आणि तोंड उघडायचं तर डोळ्यांची गोष्ट निघणार होती. त्याने मान हलवली आणि तो बाहेर आला.

माकडं धरायचं काम मिळालं ते त्याच्या मेहुण्याला. हा त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, पिंजरेवाला. भटकी कुत्री, घरात शिरलेले साप, गोदामातले उंदीर, जे म्हणाल ते धरून द्यायचा. अंगाने गोल, बोलायला गोड. राखणदाराला तो पहिल्यापासून आवडत नसे. जो माणूस दार उघडं ठेवून आत खाऊ मांडतो त्याच्यावर विश्वास टाकू नये, असं त्याचं मत होतं. मेहुणा मुक्कामालाच आला आणि पहिल्याच जेवणाला पानावर बसता बसता एक कागद काढून म्हणाला, "दाजी, हा हुकूम जरा वाचून सांगा. माझा चष्मा गाडीत राहिलाय."

राखणदाराच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. याला चष्मा कधी लागला? त्याने कागद घेतला, तिरका धरला, आणि म्हणाला, "जेवताना कागद वाचू नये. अन्नाचा अपमान होतो."

"बरं बुवा. माणूस सरळ, नजर तिरकी, आणि नियम कडक," मेहुणा हसला. "ताई, तुझे यजमान माझ्याकडे असे बघतात, जसा काही मीच अंडी खाल्ली!"

"तुझ्या पोटाकडे बघून कोणालाही वाटेल," ताई म्हणाली.

पण त्या दिवसापासून राखणदाराला घरातही चैन पडेना. मेहुणा दारात न बोलता उभा का राहतो? आपला पेला उजवीकडून डावीकडे कोणी सरकवला? पाळत ठेवली जातेय. कोण ठेवतंय, साहेब? की घरातलंच कोणी? चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ते खोटं नाही.

चार दिवसांत मेहुण्याने अख्खा कळप धरला. म्हातारी मादी, तिच्या लेकी, कडेवरची पिल्लं, दांडगे नर; त्रेचाळीस. कचेरीमागच्या आवारात पिंजरे ओळीने मांडले. मेहुणा छाती काढून म्हणाला, "मोजून घ्या साहेब, एक शेपूट कमी निघालं तर माझं नाव बदला." साहेबांनी मोजली. जंगलातल्या कळपाच्या नोंदीतही त्रेचाळीसच होती. ट्रक परवा सकाळी येणार होता.

त्या दुपारी साहेब, मेहुणा आणि राखणदार आवारात उभे होते. कुंपणापलीकडे पंचवीस पावलांवर करवंदीची जाळी होती आणि जाळीत रानशिळेचं एक घरटं, उरलेल्या चारांतलं. मेहुण्याने एक रिकामा पिंजरा ओढत त्या बाजूला नेला, आणि जाळीतून आवाज आला.

'खक्-खाक्.'

साहेब दचकले. मेहुण्याच्या हातातून पिंजरा सुटला. "आयला! आणखी एक आहे!"

"तुम्ही तर म्हणालात, एक शेपूटही कमी नाही," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज मेहुण्याकडून राखणदाराकडे वळला. "आणि राखणदार, कळपाची नोंद तुमची. त्रेचाळीस तुम्ही लिहिलेत. चव्वेचाळिसावं लपवून ठेवलं होतंत की काय?"

"मी कशाला लपवू?"

"ते तुम्हालाच ठाऊक. कळपाला धरायचं म्हटल्यापासून तुमचं तोंड उतरलंय. कुठेतरी पाणी मुरतंय." मग मेहुण्याला म्हणाले, "उद्या पहाटे ते धरा. एक जरी मागे राहिलं तरी हे घरटंही जाईल."

मेहुणा आपला संशय मेहुण्याच्या नात्याने बोलून मोकळा झाला. "दाजी, सोडलंत ना एक? मागच्या दाराने? मला सांगा, मी ताईला नाही सांगणार."

राखणदाराच्या कानाला दुसरंच काहीतरी खटकत होतं. माणसं दचकली होती. माकडं दचकली नव्हती. 'पळा' असा इशारा आला की कळप गप्प बसत नाही. आया पिल्लांना ओढतात, नर उलट ओरडतात, निदान एखादी तरी काडी मोडते. पिंजऱ्यांत त्रेचाळीस माकडं होती आणि त्यांतल्या एकानेही खाजवायचं थांबवलं नव्हतं. कोणीतरी निवांत दाणे फोडत होतं. त्यांनी तो इशारा ऐकला होता, आणि मोडीत काढला होता.

उन्हं कलल्यावर तो एकटाच जाळीपाशी गेला. पंधरा पावलांवर थांबला. काही नाही. दहा पावलांवर गेला.

'खक्-खाक्.'

तो डोळे मिटून उभा राहिला. मिटल्याने तसा काही फरक पडत नव्हता. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याने तो आवाज पुसून टाकला आणि आवाजाच्या आजूबाजूचं ऐकलं. माकड बसलं की फांदी कण्हते. माकड ओरडलं की पानं हलतात, सालीचा भुगा पडतो, श्वास आत जातो त्याचीही धाप ऐकू येते. इथे आवाज होता, वजन नव्हतं. तो एक पाऊल पुढे सरला. 'खक्-खाक्, खक्-' आणि त्या शेवटच्या 'खक्'च्या टोकालाच, श्वासही न तुटता, बारीक शीळ लागली. वर गेली, वळली, खाली आली. एकाच गळ्यातून.

राखणदार एक पाऊल मागे सरला.

म्हणजे तो घरट्याजवळ जायचा म्हणून ती ओरडायची. त्याला हाकलायला. माकडाचा शब्द उसना घेऊन. आणि तो उसना शब्द ऐकून हा घरी जायचा आणि लिहायचा, 'घरट्याजवळ माकड, पा.' सातही घरटी. सातही खोट्या साक्षी. जिच्या गाण्यात काही सांगायचं नसतं असं तो म्हणायचा, ती त्याच्याशीच बोलत होती. आणि जे कधी खोटं बोलत नाही असं म्हणायचा, ते माकड तिथे नव्हतंच. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोरी वळली कोणी, तर ह्या कानांनी.

दिवेलागणीला तो घरी आला. मेहुणा बाहेर जाळं विणत बसला होता. बायको आत कपड्यांच्या घड्या घालत होती. तो दारात उभा राहिला.

"अगं, समजा ही खोली सोडावी लागली, तर?"

"कशाने?"

"समजा."

तिने हातातली घडी पुरी केली. "समजायला कशाला हवं? दाताचा डॉक्टर डोळ्यांत घालायचं औषध देतो, हे मला दीड वर्षापूर्वीच कळलंय. तुमच्या सदऱ्याच्या खिशात बाटली सापडली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. रोज तुमच्याकडे संशयाने बघत होते, आज सांगाल, उद्या सांगाल. पेला मीच सरकवते डावीकडे. उजवीकडचा तुम्ही पाडता."

"मला वाटलं, तुझा भाऊ—"

"तो बापडा खरंच चष्मा गाडीत विसरतो."

राखणदार खाटेवर बसला आणि त्याने तिला सगळं सांगितलं. जाळी, शीळ, 'पा'. सांगताना त्याला वाटत होतं की ती म्हणेल, दोन वर्षं गप्प बसा, माकडांचं माकडं बघतील. ती तसं म्हणाली नाही. शेवटी एवढंच बोलली, "ट्रक केव्हा येणार?"

"परवा सकाळी."

"मग उद्या पहाटे उठा," ती म्हणाली, आणि दिवा बारीक केला.

पहाटे तो साहेबांच्या दारात गेला. "साहेब, राहिलेलं माकड दाखवतो. पण माझ्या पद्धतीने बघायचं."

"तुम्हाला ठाऊक होतं तर," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात आदल्या दिवशीचा संशय आता पक्का झाला होता. ते वही घेऊन निघाले. मेहुणा खांद्यावर जाळं टाकून मागे निघाला, आणि वाटेत दोनदा पुटपुटला, "मागच्या दाराने सोडलं असणार. मला आधीच वाटलं होतं."

जाळीपासून दहा पावलांवर एक दगड होता. राखणदाराने साहेबांना त्यावर बसवलं. जाळीकडे पाठ करून.

"हे काय?"

"वही उघडा. जे आढळेल ते लिहा. मी रोज लिहितो तसं. वळायचं नाही."

साहेबांना राग आला असावा. पण कुतूहल रागाहून दांडगं. राखणदार चार पावलं जाळीकडे गेला. 'खक्-खाक्. खक्-खाक्.' मेहुण्याने जाळं सावरलं. साहेबांची पेन्सिल कागदावर चालली.

"काय लिहिलंत?"

"'पहाट. करवंदीची जाळी. माकड, एक, बहुधा मोठा नर.'"

"आणि शेवटचं अक्षर?"

साहेब थांबले. "पाहिलं कुठे? ऐकलं."

"पण खात्री आहे ना?"

"अर्थात आहे. पाठीमागच्या फांदीवर आहे ते, बसल्या जागी सांगतो."

"मग 'पा' लिहायला काय हरकत आहे?" राखणदार म्हणाला. "आता वळा."

साहेब वळले. आधी त्यांना काहीच दिसलं नाही. ते माकडाएवढं काहीतरी शोधत होते. मग मेहुण्यानेच दबक्या आवाजात म्हटलं, "दाजी... अहो, ते बघा, ते चिमुरडं." विटकरी गळा फुगला, चोच उघडली, आणि तेवढ्याशा चोचीतून अख्खा नर बाहेर पडला: 'खक्-खाक्!' मग शीळ.

जाळं मेहुण्याच्या खांद्यावरून घसरून त्याच्या पायात पडलं.

"त्या सातही घरट्यांजवळ..." साहेब हळूच म्हणाले.

"हाच आवाज होता."

"पण मी पाठमोरा होतो. तुम्ही तर समोरून गेलात ना? तुम्ही का नाही वर बघितलंत?"

इथवर येऊन राखणदार थांबला. इथे फिरता आलं असतं. अंधार होता, पानं दाट होती, असं काहीही. साहेबांनी ते मानलंही असतं. पण मग 'पा' तसंच राहिलं असतं, आणि सात ठिकाणी अंधार कसा, हे कोणीतरी पुढे कधीतरी विचारलं असतं, आणि ट्रक मात्र उद्याच निघाला असता.

"बघितलं असतं तरी दिसलं नसतं," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली साहेब, मधलं दिसत नाही. तुम्ही उभे आहात ते दिसतंय. तुमचा चेहरा दिसत नाही. वहीतलं सगळं 'पा' कानाचं आहे."

साहेबांच्या बुटाखाली एक काडी मोडली. "हे तुम्ही माकडांना वाचवायला सांगताय, की खरंच?"

राखणदाराला हसू आलं. दीड वर्ष खोटं लिहिलं तेव्हा पानोपानी सही मिळाली, आणि खरं एकदा सांगितलं तर पुरावा मागतात. "तुमच्या हातात किती बोटं आहेत ते विचारा, मी चुकीचं सांगतो," तो म्हणाला.

साहेबांनी बोटं वर केली नाहीत.

"मग अंडी कोण खातं?" त्यांनी विचारलं. त्या प्रश्नात अजून सवयीची अपेक्षा होती. राखणदाराने सांगावं आणि आपण सही करावी.

"माहीत नाही साहेब. मी पाहिलेलं नाही."

त्याच दिवशी दुपारी हुकूम मागे घेतला गेला. ज्याला खरंच दिसतं असा राखणदार नेमेपर्यंत घरट्यांवर स्वतः साहेब बसणार होते, दुर्बीण घेऊन. खोल्यांचं काय, ते वरून विचारून कळवतो, असं त्यांनी सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज जड होता, आणि राखणदाराने त्या जडपणावरून समजून घेतलं की फारसं काही हातात नाही. बायको खिडकीतून ते ऐकत होती. तिने कोणी सांगायच्या आधीच पितळेची भांडी एका बाजूला काढून ठेवली होती.

मेहुणा पिंजऱ्यांची दारं उघडत गेला. एक, दोन, पाच, सगळी. राखणदार कुंपणाला टेकून ऐकत होता. दाराच्या कड्या वाजल्या, बिजागऱ्या करकरल्या, आणि मग शांतता. एकही माकड बाहेर येईना. खाऊ मांडलेल्या उघड्या दाराने त्यांना एकदा फसवलं होतं. रिकाम्या उघड्या दारावर ती कशाला विश्वास ठेवतील? मेहुणा टाळ्या वाजवून थकला. "जा की रे! सुटलात तुम्ही! माकडाच्या हाती कोलीत दिलं तर लगेच घेतील, आणि मोकळीक दिली तर विचार करत बसतात."

"टाळ्या वाजवू नकोस," राखणदार म्हणाला. "बाजूला हो, आणि काय दिसतंय ते मला सांग."

मेहुणा त्याच्याशेजारी येऊन उभा राहिला. पहिल्यांदाच राखणदाराने त्याच्याकडे मान तिरकी केली नाही.

"म्हातारी दारात आलीय," मेहुणा कुजबुजला. "उंबऱ्यावर बसलीय दाजी. आपल्याकडे बघतेय. फार संशयाने बघतेय."

"बघू दे," राखणदार म्हणाला. "पिल्लं कुठे आहेत?"

"पाठीमागे. शेपटीला धरून. थांबा... एक हात बाहेर टाकला. जमीन चाचपतेय."

"आणि?"

"परत आत घेतला."

"बरं," राखणदार म्हणाला, आणि खाली मांडी घालून बसला. "सांगत राहा."